पितळ उघडे पडते तेव्हा

पितळ या धातूवर मराठी भाषेने जेवढा अन्याय केला आहे, तेवढा कुठल्या सावत्र आईनेही केला नसेल. सोन्याचे दिवस येतात, सोन्यासारखी माणसे भेटतात, जुने ते सोने ठरते आणि फारच चांगले झाले तर ते सोन्याहून पिवळे असते. एखाद्याची नुसती चांदी होते. लोखंडाचे चणे चावणारा माणूस चरित्रनायक होतो. पितळ मात्र आयुष्यात एकच गोष्ट करते : ते उघडे पडते. ज्या पितळाने पिढ्यान्‌पिढ्या आपल्या आमट्या उकळल्या, डबा होऊन डाळी सांभाळल्या, समई होऊन देवापुढे जागरणे केली, त्याला भाषेने एक वाक्प्रचार दिला आणि तोही बदनामीचा!

बरे, भाषेने छळले ते छळले, माणसांनीही सोडले नाही. स्टेनलेस स्टील आले तशी घरोघरची पितळी भांडी मोडीत निघाली. "कल्हईवाल्याची वाट बघण्यात माझी हयात गेली," असे म्हणून आमच्या आजीने एक भले मोठे पातेले आणि दोन तपेली मोडीत घातली, त्या पैशांत स्टीलचे डबे आणले आणि वर त्यांच्यावर आजोबांचे नाव घालून घेतले. पण काळ मोठा विनोदी आहे. जे घंगाळ न्हाणीघरात आजोबांच्या अंघोळीसाठी होते, ते आता लोकांच्या हॉलमध्ये आले आहे. त्यात पाणी, पाण्यावर गुलाबाच्या पाकळ्या आणि पाकळ्यांमध्ये तरंगता दिवा. आजोबा आज परत आले तर पंचा नेसून, विसण मागत, थेट पाहुण्यांच्या मध्ये येऊन उभे राहतील.

आणि पितळाच्या याच परतीच्या लाटेवर, मांडी घालून, डोळे अर्धे मिटून, भगवान बुद्ध मध्यमवर्गीयांच्या घरात आले.

आता ते कुठे नाहीत ते सांगा. केशकर्तनालयात आहेत, हॉटेलच्या स्वागतकक्षात आहेत, बिल्डरच्या सँपल फ्लॅटमध्ये तर चाव्यांच्या आधी तेच हजर असतात. दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत मात्र ते फार शोभतात, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. जगात दुःख आहे, हे बुद्धाचे पहिले आर्यसत्य. ते आतल्या खोलीतून अधूनमधून ऐकू येत असते. दुःखाला कारण आहे आणि ते कारण तृष्णा आहे, हे दुसरे. आपल्या बाबतीत ती गोडाची तृष्णा होती, हे डॉक्टर आरशात दाखवतात. दुःख थांबू शकते, हे तिसरे. त्याला इंजेक्शन म्हणतात. आणि ते थांबवण्याचा मार्ग आहे, हे चौथे. तो मार्ग अष्टांगिक असतो, म्हणजे डॉक्टर आठ सिटिंग्ज सांगतात. अडीच हजार वर्षांपूर्वीची शिकवण इतक्या नेमकेपणाने राबवणारे दुसरे ठिकाण मला माहीत नाही.

आमच्याकडचे बुद्ध वास्तुशांतीच्या आहेरात आले. माझ्या मेहुण्याने आणले. थर्मोकोलमध्ये गुंडाळलेली, वीतभर उंचीची, उचलताना मनगटाला कळेल अशा वजनाची मूर्ती. किमतीची चिठ्ठी काढायला तो विसरला, असे त्याचे म्हणणे आहे. ती राहू द्यायला तो विसरला नाही, असे माझे.

मूर्ती ठेवायची कुठे यावर घरात जी परिषद भरली, तिची गणती बौद्ध धर्माच्या संगीतींमध्ये व्हायला हरकत नाही. आई म्हणाली, "नववा अवतार ना हा? मग ठेव की बाळकृष्णाशेजारी." ही म्हणाली, "देवघरात ठेवला तर रोज पूजा आली. बाहेरच बरा." मेहुणा म्हणाला, "ईशान्येला ठेवा, धन येतं." ज्या माणसाने राज्य, बायको, मुलगा आणि घोडा एका रात्रीत सोडला, तो आता आमच्याकडे धन आणणार होता. चिरंजीवांनी मोबाइलवरून नजर न काढता सांगितले, "टीव्हीखाली ठेवा. शांत वाटतं." अखेर मूर्ती टीव्हीखाली, इंटरनेटच्या डबीशेजारी बसली. डबीवरचे चार हिरवे दिवे लुकलुकत असतात आणि त्यांचा उजेड भगवंताच्या गालावर पडतो. शांत वाटते, हे खरे.

पण मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि त्यात बँकेतला कारकून. घरात आलेली कुठलीही वस्तू खात्यात पडल्याशिवाय माझा दिवस मिटत नाही. ही मूर्ती कुठल्या खात्यात टाकायची? फर्निचर व सजावट? गुंतवणूक? धर्मादाय? बी. कॉम.च्या पहिल्या वर्षी शिकलेला एक नियम मला अजून झोपेतही म्हणता येतो : जे येते ते नावे, जे जाते ते जमा. मूर्ती आली, नावे पडली. पण एका बाजूने नोंद पडली की दुसऱ्या बाजूने पडलीच पाहिजे. नाहीतर ताळेबंद जुळत नाही आणि बँकेत रात्रीचे नऊ वाजतात. बुद्ध घरात आला, तेव्हा घरातून गेले काय? हा प्रश्न हिशेबाचा आहे असे मला वाटत होते. तो नीतीचा निघाला.

म्हणून मी मूर्ती वाचायला घेतली. हो, वाचायलाच. या मूर्तीत उगीच असे काही नसते. कानाच्या पाळ्या बघा, खांद्याकडे निघाल्यासारख्या लोंबतात. का? तर राजपुत्र असताना कानात जड दागिने होते. दागिने उतरवले, पाळ्या ओघळलेल्या राहिल्या. गृहकर्ज फिटल्यावरही आपल्या खांद्यांना जो एक बाक राहतो, त्यातलाच हा प्रकार. डोक्यावरचा उंचवटा म्हणजे उष्णीष, कपाळावरचा ठिपका म्हणजे ऊर्णा. ही दोन्ही महापुरुषाची लक्षणे. त्याला गंध समजून आमच्या आईने पहिल्या दिवशी वर थोडे कुंकू लावले होते.

आणि मग तो उजवा हात. गुडघ्यावरून खाली आलेला, बोटे जमिनीला टेकलेली. हिला वाटले, उठायच्या बेतात आहेत. तसे नाही. तिला भूमिस्पर्श मुद्रा म्हणतात. कथा अशी की, बोधिवृक्षाखाली बसलेल्या सिद्धार्थाला उठवण्यासाठी मार आला. मार म्हणजे आपल्या सगळ्या मोहांचा विभागीय व्यवस्थापक. त्याने सैन्य आणून पाहिले, आमिषे दाखवून पाहिली आणि काही चालेना तेव्हा त्याने शुद्ध बँकेतला प्रश्न विचारला : या आसनावर बसायचा तुझा हक्क आहे, याला साक्षीदार कोण? सिद्धार्थ एकटा. ना जामीनदार, ना ओळख देणारा खातेदार. त्याने नुसती बोटे जमिनीला लावली आणि भूमीने साक्ष दिली. मार गेला. मी वीस वर्षे कर्जाचे अर्ज पाहतो आहे. सातबारा न जोडता जमीन मान्य झालेले जगातले हे एकच प्रकरण. बिहार-बंगालमध्ये पालांच्या काळात, म्हणजे साधारण आठव्या ते बाराव्या शतकात, दगडात आणि धातूत सर्वांत जास्त घडवली गेली ती हीच मुद्रा.

त्या जुन्या मूर्तींपैकी कित्येकींच्या पाठीवर नाहीतर बैठकीवर एक श्लोक कोरलेला असतो. त्याचा अर्थ साधारण असा की, जे जे कारणांतून उपजते त्याचे कारण आणि त्याचा शेवट, दोन्ही तथागताने सांगितले आहेत. एवढाच. सारिपुत्त हा बुद्धाचा थोर शिष्य म्हणे एवढे ऐकूनच या वाटेला लागला. मी आमची मूर्ती उलटी करून पाहिली. तिच्या तळाला बारकोड होता. तिचेही कारण आणि शेवट त्यातून कळत असणार. फक्त वाचायला यंत्र लागते.

आणि आत? आत काही नव्हते. नेपाळ-तिबेटातल्या पूजेच्या मूर्तीही पोकळच ओततात, पण मग त्या पोकळीत मंत्र लिहिलेल्या कागदांच्या गुंडाळ्या, धान्य, अवशेष असे काही भरतात, तळाला तांब्याचा पत्रा लावून ती बंद करतात, आणि मगच मूर्ती पूज्य होते. ओतण्याची रीतही मोठी बोलकी आहे. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचे लिंपण चढवायचे, ते भाजायचे. मेण वितळून निघून जाते आणि त्याच्या रिकाम्या जागेत धातू ओततात. मेणाने जागा सोडली, म्हणून बुद्ध झाला. काश्मिरात सातव्या ते दहाव्या शतकांत अशा पितळी मूर्ती होत आणि त्यांच्या डोळ्यांत चांदी भरत. तेव्हा पितळ हे काही गरिबाचे सोने म्हणून वापरलेले नव्हते. थोर थोर विहारांना ते चालत होते. आज मुरादाबाद-अलीगढकडून ट्रक भरभरून मूर्ती निघतात, त्यातल्या पुष्कळशा वाळूच्या साच्यातून. त्याबद्दल माझी तक्रार नाही. भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्या कारागिराला पोट असते. पोकळी भरायची जबाबदारी त्याची नाही. ती घेणाऱ्याची.

आता गंमत अशी की, बुद्धाच्या पश्चात चार-पाचशे वर्षे कोणी त्याची मूर्तीच केली नाही. सांचीच्या तोरणांवर बोधिवृक्ष आहे, पावलांचे ठसे आहेत, चक्र आहे, रिकामे आसन आहे. गृहत्यागाच्या प्रसंगात घोडा चालला आहे, वर छत्र धरले आहे आणि छत्राखाली कोणीच नाही! एका शाखेत आमचे एक साहेब खुर्चीवर कोट अडकवून दुपारी दोन वाजता जात. कोट पाहून लोक अदबीने उभे राहत. शिल्पातल्या त्या रिकाम्या आसनापुढेही लोक हात जोडून उभे आहेत. फरक इतकाच की, साहेब नव्हते तेव्हा काम थांबत असे आणि बुद्ध नव्हता तेव्हा काम सुरू झाले.

आपल्याकडे भाज्याला, कार्ल्याला जाऊन पाहा. लोणावळ्याची चिक्की घेऊन झाली की जाता येते. चैत्यगृहाच्या टोकाला नुसता स्तूप आहे. अजिंठ्यात तर हा सगळा प्रवास एका डोंगराच्या कड्यावर, पायी, अर्ध्या तासात करता येतो. दहाव्या लेण्यातला स्तूप कोरा आहे, तो इसवी सनाच्या आधीचा. सव्विसाव्या लेण्यातल्या स्तूपापुढे बुद्ध बसलेला आहे, तो पाचव्या शतकातला. आणि तिथेच डाव्या भिंतीला महापरिनिर्वाणाची ती विशाल मूर्ती आहे, उजव्या कुशीवर झोपलेली. म्हणजे मूर्ती हवी की नको, हा वाद खुद्द त्या घरातच होता. चीनमधल्या एका भिक्खूची गोष्ट सांगतात. त्याचे नाव डानशिया. कडाक्याच्या थंडीत त्याने विहारातली लाकडी बुद्धमूर्ती फोडून शेकोटी केली. व्यवस्थापक धावत आला. डानशिया राखेत काठी फिरवत म्हणाला, बुद्धाच्या अस्थी शोधतो आहे. व्यवस्थापक चिडून म्हणाला, लाकडात अस्थी कुठून येणार? तर हा म्हणाला, मग अजून दोन द्या, थंडी फार आहे. पितळी मूर्तीला हा धोका नाही, असे मी घरी सांगितले तेव्हा हिने गॅसची शेगडी बंद आहे ना, हे बघून घेतले.

दुसरे टोकही आहे. थायलंडमध्ये, बुद्ध ही सजावटीची वस्तू नव्हे, असे सांगणारे मोठमोठे फलक रस्त्यांवर लावले गेले. २०१४ साली श्रीलंकेत एका ब्रिटिश पर्यटक बाईच्या दंडावर बुद्धाचे गोंदण दिसले म्हणून तिला धरून परत पाठवले. २०१७ साली तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने हे चुकीचे ठरवून तिला भरपाई द्यायला लावली. दंडावर बुद्ध असणे वाईट की चांगले, मला ठरवता येत नाही. टीव्हीखालच्यापेक्षा तो निदान माणसाबरोबर फिरतो तरी.

आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला तो पोट सुटलेला, हसरा, गोणीवाला? त्याला सगळे बुद्धच म्हणतात, पण तो गौतम बुद्ध नव्हेच. तो दहाव्या शतकातला एक चिनी भिक्खू, बुदाई. नावाचा अर्थच कापडी पिशवी. पुढे येणाऱ्या मैत्रेय बुद्धाचा तो अवतार, असे तिकडे मानू लागले. पोटावरून हात फिरवला की गिऱ्हाईक येते, अशी आपल्याकडे समजूत आहे. ज्याच्याजवळ पिशवीपलीकडे काही नव्हते त्याच्या पोटात आपण आपली तिजोरी बसवली.

माझी नोंद मात्र अजून अर्धवटच होती. ती पुरी केली आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याने. कर्जविभागात असतात, माझ्याच वयाचे, स्वभावाने गमत्ये. एका रविवारी चहाला आले. मूर्तीकडे त्यांचे लक्ष गेले. कपाळावरच्या कुंकवाचा पुसट डाग त्यांनी पाहिला आणि नुसते हसले. मग हिला म्हणाले, "वहिनी, यांच्यासमोर तुम्ही काय करता?"

ही प्रामाणिक बाई. म्हणाली, "शनिवारी पुसते."

"बरं आहे तुमचं. आमच्याकडे पंचशील म्हणावं लागतं. म्हणायला दोन मिनिटं लागतात, पण पाळायला दिवस पुरत नाही. हिंसा करायची नाही, हे जमतं. मी मुळात भित्रा. न दिलेलं घ्यायचं नाही, तेही जमतं; बँकेत पेनसुद्धा दोरीला बांधलेलं असतं. तिसऱ्याची काळजी आमची मिसेस घेते, पाचव्याची डॉक्टर. पण चौथं? खोटं बोलायचं नाही! कर्जविभागात? 'तुमची फाइल वर गेली आहे,' हे वाक्य मी दिवसातून किती वेळा बोलतो, विचारा यांना."

हसून झाल्यावर त्यांनी सहज, चहात बिस्कीट बुडवत, आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबा विदर्भातल्या एका खेड्यातले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, नागपूरला डॉ. आंबेडकरांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली, त्या गर्दीत ते होते. येताना पितळी मूर्ती नाही, कागदावर छापलेली तसबीर घेऊन आले. ती भिंतीला लावली आणि मग घरातून एकेक गोष्ट जाऊ लागली. आधी घरातले देव गेले. पिढ्यान्‌पिढ्यांचे देव सोडताना पणजी रात्रभर रडली. मग गावकीची कामे गेली. मेलेली गुरे ओढणार नाही, म्हणून सांगून टाकले. त्याबरोबर त्या कामाची भाकरीही गेली. सवलतींचे म्हणाल, तर केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना जागा मिळायला १९९० उजाडावे लागले. "आजोबा म्हणायचे," ते म्हणाले, "तसबीर चार आण्याची होती. पण महाग पडली. आणि पैसे वसूल झाले." आमच्या आईने नवव्या अवताराचा विषय काढला, तेव्हा त्यांनी हात जोडून सांगितले, "आई, बुद्धाला विष्णूचा अवतार मानणार नाही, ही आमच्या बावीस प्रतिज्ञांतली एक. तेवढी एक सोडून तुम्ही सांगाल ते ऐकतो." आईने त्यांना आणखी एक लाडू वाढला. तो त्यांनी ऐकला.

ते गेल्यावर मला एकदम दिसले की, दुहेरी नोंद म्हणतात ती हीच. त्यांच्या घरात तसबीर आली ती नावे पडली आणि जमेच्या बाजूला केवढी लांबलचक यादी! देव गेले, भीती गेली, कामे गेली, भाकरी गेली, खाली मान गेली. ताळेबंद पैशापर्यंत जुळलेला. आणि शहरभरच्या हॉलमधले बुद्ध? आले सगळीकडे, पण जमेच्या बाजूला दुकानाची पावती, बस्स.

हे कागदावरचे तत्त्वज्ञान नाही, याची साक्ष मला आमच्याच सोसायटीत मिळाली. मी तिथे खजिनदार आहे. वाणिज्य पदवीधराला सोसायटी दुसरे पद देत नाही. एका सभासदाकडे बैठक होती. त्यांच्या हॉलमध्ये तीन फुटी पितळी बुद्ध आहे. पायाशी छोटे कारंजे, वरून खास दिवा. मूर्ती भूमिस्पर्श मुद्रेतली. विषय त्यांच्याच रिकाम्या फ्लॅटच्या भाडेकरूचा निघाला. "मुलगा चांगला वाटतो, नोकरी उत्तम, पगार उत्तम," ते म्हणाले आणि मग आवाज थोडा खाली आणून, "पण आडनाव काय म्हणालात?"

कारंजे वाजत होते. मी म्हणालो, "पगाराची स्लिप जोडली आहे. आडनाव आम्ही बँकेतसुद्धा तारण म्हणून घेत नाही." दोघे हसले, एकाने खिडकीबाहेर पाहिले. तीन महिने तो फ्लॅट रिकामा राहिला. भाडे बुडाले, पण बुद्धावरचा दिवा रोज लागत होता. बुद्ध काही बोलले नाहीत. या मूर्तीचा आजकाल सर्वांत मोठा गुण हाच मानला जातो की, ती काही बोलत नाही.

तो स्वतः मात्र चांगला स्पष्ट बोलत असे. जन्माने कोणी उच्च नाही आणि नीच नाही, कर्माने ठरते, हे त्याने वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितले. शाक्य कुळातले राजपुत्र संघात यायला निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. राजपुत्रांनीच विनवले की, आमच्याआधी याला दीक्षा द्या. म्हणजे आम्हाला याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुळाचा ताठा उतरेल. संघात ज्येष्ठता दीक्षेच्या दिवसावर. अगदी आमच्या सीनियॉरिटी लिस्टसारखी! रुजू झाल्याची तारीख आधीची, तो वरचा. मग घरी तुमचा वाडा असो की चंद्रमौळी झोपडी. हा उपालीच पुढे संघाच्या नियमांचा सर्वांत मोठा जाणकार झाला. ज्याच्या चेहऱ्यावरची शांतता आपण विकत आणतो, ती या अशा गोष्टी करून आलेली आहे. शांतता आपल्याला हवी असते. उपालीला वाकणे नको असते.

म्हणून मला वाटते, शोभेची मूर्ती आणि श्रद्धेची मूर्ती हा भेद धातूत नसतो, उंचीत नसतो आणि ती देवघरात आहे की टीव्हीखाली, यातही नसतो. ज्या घरातून तिच्यापायी काही गेले, तिथली चार आण्यांची तसबीरही बुद्ध आहे. जिथून काहीच गेले नाही, तिथे तीन फूट पितळ आहे. आणि जायला काही फार मोठे लागते असेही नाही. राज्य आपल्याकडे नाहीच. एक खोचक प्रश्न गिळला, एक आडनाव विचारायचे राहून गेले, 'फाइल वर गेली आहे'च्या जागी 'फाइल माझ्याच टेबलावर आहे' असे एकदा म्हटले, तरी जमेच्या बाजूला पहिली ओळ पडते. मी तसे एकदा एका गिऱ्हाइकाला सांगितलेही. तो इतका घाबरला की पाणी द्यावे लागले.

बाकी बुद्धाला साजेसा धातू पितळच, असे माझे मत होत चालले आहे. सोने काळे पडत नाही, स्टील गंजत नाही. त्यांच्याकडे बघून अनित्यता कशी समजणार? पितळ हवेने मळते, हाताच्या घामाने डागळते. हिशेबात याला घसारा म्हणतात आणि बुद्धाच्या मते कारणांनी घडलेल्या प्रत्येक वस्तूला तो लागू आहे. अखेरच्या क्षणी शिष्यांना त्याने हेच सांगितले आणि वर, सावध राहून आपापले काम नेटाने करा, एवढेच जोडले. हल्ली मूर्तीवर लॅकरचा पारदर्शक हात देतात, म्हणजे ती काळी पडत नाही आणि घासावीही लागत नाही. दुकानदार ते मोठ्या कौतुकाने सांगतो. पण आमच्या आजीला ते पटले नसते. पितळ म्हटले की चिंच आली, राख आली, घासणे आले. आज लख्ख केले तरी आठ दिवसांनी पुन्हा बसायचे आले, हे तिला पाठ होते. तिने कुठलेही सुत्त वाचलेले नव्हते.

तेव्हा आपले पितळ उघडे पडले, तर एवढे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. उघडे पडलेले पितळ घासता येते. सोन्याचा मुलामा दिलेल्याची ती सोय नसते.